सिग्नलला गाडी बंद का पडते?

जुनी मोटार हमरस्त्यावर छान धावते, पण थांबली की मान टाकते. अशा वेळी एकामागून एक सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा ती नेमकी केव्हा बंद पडते याकडे लक्ष दिले, तर दोष लवकर सापडतो आणि पैसेही वाचतात.

सिग्नल हिरवा होतो, मागून हॉर्नचा गजर सुरू होतो आणि पुढची जुनी मारुती मात्र जागची हलत नाही. पुन्हा स्टार्टर मारला की इंजिन सुरू होते, दोन चौक पार पडतात आणि तिसऱ्या चौकात परत तोच प्रकार. नवल असे, की हीच गाडी मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने कुरकुर न करता धावते.

ज्या घरात पंधरा-वीस वर्षांची मोटार आहे, त्या घराला हा अनुभव नवा नाही. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, ॲम्बॅसॅडरचे त्याच वर्षी मे महिन्यात. मुंबईची शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तरीही अशा गाड्या अनेक दारांत अजून उभ्या आहेत. कुणासाठी ती वडिलांची आठवण असते, तर कुणाला नवीन गाडीचा हप्ता परवडणारा नसतो.

अशी गाडी थांबल्यावर बंद पडू लागली, की गॅरेजच्या फेऱ्या सुरू होतात. आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग पेट्रोल पंप, शेवटी कार्ब्युरेटर. दर वेळी चार दिवस बरे जातात आणि दुखणे पुन्हा वर येते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा मामला असतो. खरे तर या दुखण्याची कारणे मोजकीच आहेत आणि ती क्रमाने शोधता येतात. त्यासाठी गाडीच्या मालकाला मेकॅनिक व्हावे लागत नाही. गाडीचे वागणे नीट पाहता आले, तरी अर्धे काम होते.

थांबल्यावरच का?

स्वयंपाकघरातली शेगडी आठवा. गॅस मोठा असताना खिडकीतून आलेली झुळूक ज्योतीला हलवते, विझवत नाही. तीच ज्योत अगदी मंद ठेवली, तर तेवढ्याच झुळकेने विझून जाते. इंजिनाचेही तसेच आहे.

गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ७५० ते ९५० फेरे घेते. यालाच मेकॅनिक आयडलिंग म्हणतात. या वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. हवा थोडी, पेट्रोल थोडे आणि तयार होणारी शक्ती स्वतःला फिरवत ठेवण्यापुरतीच. जादा काहीच शिल्लक नसते. वेगात असताना एखादी ठिणगी चुकली, तरी जड फ्लायव्हील आपल्या गतीने इंजिनाला पुढे ओढून नेते. आयडलिंगला तसा आधार फारसा मिळत नाही. मारुती ८०० मध्ये तर तीनच सिलिंडर आहेत. त्यातला एक रुसला, की एक तृतीयांश ताकद गेली.

म्हणून धावताना झाकला जाणारा किरकोळ दोष उभ्या गाडीत उघडा पडतो. दोष किरकोळ असू शकतो, ही यातली दिलासा देणारी बाजू. बहुतेकदा इंजिन खोलावे लागत नाही.

केव्हा बंद पडते?

डॉक्टर ताप सकाळी येतो की संध्याकाळी, हे आधी विचारतात. गाडीबाबतही पहिला प्रश्न हाच. आठवडाभर पुढील गोष्टींवर लक्ष ठेवा आणि लिहून ठेवा.

१. सकाळी थंड असताना बंद पडते, गरम झाल्यावर ठीक चालते. इथे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होत असावी. चोक नीट लागत नाही किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे.

२. सकाळी ठीक चालते, गरम झाल्यावर बंद पडते. चोक अर्धवट अडकून राहिला असेल, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओसंडत असेल, उन्हाच्या तडाख्याने पेट्रोल उकळून वाफ होत असेल किंवा तापलेली कॉइल दगा देत असेल.

३. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच बंद पडते, पाय ठेवला की चालते. कार्ब्युरेटरमधील मंद गतीची वाट तुंबली असण्याचा हा ठळक इशारा आहे.

४. ब्रेक दाबला की बंद पडते. गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये ब्रेक दाबून पाहा. तेव्हाही इंजिन डळमळले आणि पायाजवळ ‘स्स’ असा आवाज आला, तर ब्रेकच्या बूस्टरमधून हवा गळते आहे. फक्त धावत्या गाडीला जोरात ब्रेक लावल्यावरच बंद पडत असेल, तर कार्ब्युरेटरच्या भांड्यातील पेट्रोलची पातळी तपासावी लागते.

५. एसी किंवा हेडलाइट लावताच बंद पडते. जादा ओझे आल्यावर आयडलिंग किंचित वाढवणारी यंत्रणा काम करीत नाही किंवा मूळ आयडलिंगच फार कमी ठेवले आहे.

६. पावसाळ्यात, दमट हवेत बंद पडते. प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी यांच्यावर संशय घ्या.

७. वेगातही झटके देते, चढावर दम तोडते. मग हा केवळ आयडलिंगचा आजार नाही. पेट्रोलचा फिल्टर, पंप किंवा टाकीतील कचरा यांपासून सुरुवात करावी लागेल.

चोक ओढून पाहा

हाताने ओढायचा चोक असलेल्या गाडीत एक साधी चाचणी बिनखर्चाची आहे. इंजिन चांगले गरम होऊ द्या. ते अडखळू लागले की चोक थोडासा ओढा. इंजिन लगेच सावरले, तर त्याला पेट्रोल कमी पडते आहे. म्हणजे एकतर बारीक जेट तुंबला आहे किंवा चोरवाटेने हवा येते आहे. उलट इंजिन आणखी गुदमरले आणि काळा धूर आला, तर पेट्रोल आधीच जास्त होते आहे. मग एअर फिल्टर कोंडला आहे का आणि चोक पूर्ण सुटतो आहे का, ते बघा.

दुसरा पुरावा डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेला असतो. तो म्हणजे पीयूसीचा कागद. पेट्रोल गाडीची ही तपासणी आयडलिंगवरच होते. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचे आणि हायड्रोकार्बनचे असे दोन आकडे असतात. ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि हायड्रोकार्बनची दहा लाख भागांत १,५०० भाग. पहिला आकडा मर्यादेच्या टोकाला गेला असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे. पहिला कमी आणि दुसरा बराच वर असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. म्हणजे ठिणगी चुकते किंवा मिश्रण फार पातळ आहे. गॅरेजला जाताना हा कागद दाखवलात, तर चांगला मेकॅनिक खूश होईल.

स्वस्त ते महाग, या क्रमाने

बॉनेट उघडण्यापूर्वी काही पथ्ये पाळा. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, कारण बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनाचा धूर जिवावर बेततो. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. पदर, ओढणी, मोकळे केस आणि सैल बाही फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवा. रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा अचानक सुरू होतो, हेही ध्यानात असू द्या.

प्रथम एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसत नसेल, तर तो बदला. मग बॅटरीचे टर्मिनल पाहा. त्यावर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर ती साफ करून टर्मिनल घट्ट करा.

त्यानंतर प्लग. थंड इंजिनातून प्लग काढून त्याचे टोक पाहिले, की आतली हकिकत कळते. फिकट तपकिरी रंग म्हणजे प्रकृती ठणठणीत. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढुरके, भाजल्यासारखे टोक म्हणजे हवा जास्त. तेलकट काळे टोक म्हणजे इंजिनातले ऑइल वर येते आहे. एकच प्लग वेगळा दिसत असेल, तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे. प्लगचे अंतर गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, ते फीलर गेजने मोजूनच ठेवावे.

प्लगच्या वायरी गळत असतील, तर अंधारात इंजिन चालू ठेवून लांबून पाहा. निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. त्यांना हात मात्र लावू नका, झटका जबर बसतो. पद्मिनी, ॲम्बॅसॅडरसारख्या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये कॉन्टॅक्ट पॉइंट असतात. ते जळून खडबडीत झाले किंवा त्यांच्यातील अंतर कमी झाले, की ठिणगी कमजोर होते आणि तिची वेळही चुकते. पॉइंट आणि कंडेन्सर यांचा खर्च मामुली असतो, तरी शेवटी त्यांची आठवण होते, हे दुर्दैव.

चोरवाटेची हवा

मिटलेल्या थ्रॉटलमागे इंजिन जोराने हवा ओढत असते. तिथे निर्वात पोकळी तयार होते आणि तिच्यावरच ब्रेकचा बूस्टर व इतर काही यंत्रणा चालतात. त्यासाठी रबराच्या नळ्या जोडलेल्या असतात. पंधरा वर्षांच्या उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने हे रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. त्यातून शिरलेली हवा पेट्रोलच्या हिशेबात धरलेली नसते. गाडी वेगात असताना एवढ्या थोड्या हवेचे काही वाटत नाही, पण आयडलिंगला तीच ज्योत विझवणारी झुळूक ठरते.

ही चोरवाट शोधायला हातभर लांबीची रबरी नळी पुरते. तिचे एक टोक कानाशी धरा आणि दुसरे नळ्यांच्या सांध्यांजवळून, कार्ब्युरेटरच्या बुडाजवळून फिरवा. गळतीच्या जागी सीत्कार स्पष्ट ऐकू येतो. संशयित नळी चिमटीत दाबल्यावर इंजिन स्थिर झाले, तरीही चोर सापडला असे समजा. साबणाचे पाणी थोडे शिंपडूनही काम होते. काही ठिकाणी यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल उडवले जाते. हा आगीशी खेळ आहे आणि तो कुणालाही करू देऊ नये.

ब्रेकच्या बूस्टरची परीक्षा घरीच घेता येते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. तो कडक झाला की दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पाय किंचित खाली गेला, तर बूस्टर ठीक आहे. पाय हललाच नाही, तर त्याच दिवशी दाखवा, कारण आता प्रश्न आयडलिंगचा राहत नाही, गाडी वेळेवर थांबण्याचा होतो.

कार्ब्युरेटरचा नंबर शेवटी

ठिणगी नीट आहे आणि चोरटी हवा नाही, एवढी खात्री झाल्यावरच कार्ब्युरेटरला हात लावावा. आधीच त्याचे स्क्रू फिरवले, तर मूळ दोष झाकला जातो आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या दोन वाटा असतात. एक मोठी, वेगात चालण्यासाठी. दुसरी बारीक, आयडलिंगसाठी. या बारीक वाटेवरील जेटचे छिद्र इतके लहान असते, की टाकीतला गंज किंवा वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा एवढ्यानेही ते बुजते. म्हणून गाडी पळते, पण थांबली की मरते. जेट काढून क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करावा. तार घालून छिद्र मोठे करू नये. ते एकदा मोठे झाले, की गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते.

बऱ्याच कार्ब्युरेटरांवर या वाटेला एक छोटा विजेचा सोलेनॉइड असतो. चावी बंद केली की तो पेट्रोल तोडतो. त्याची वायर सैल झाली, तर आयडलिंगचे पेट्रोल बंदच राहते. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा आणि वायर काढून पुन्हा टेकवा. ‘टिक’ असा आवाज आला, तर तो बहुधा ठीक आहे. नुसत्या सैल वायरपायी अख्खा कार्ब्युरेटर बदलण्याची वेळ येऊ नये.

मिश्रणाचा स्क्रू फिरवण्यापूर्वी तो आत किती वेढे जातो ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे पूर्वस्थितीवर येता येते. सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांची एक वेगळी अडचण आहे. महिनोन्‌महिने पेट्रोल न वापरल्याने कार्ब्युरेटर कोरडा पडतो, रबर ताठरते आणि पेट्रोलवर टाकताच गाडी बंद पडते. रोज काही किलोमीटर पेट्रोलवर चालवणे हा त्यावरचा साधा उपाय.

इंजेक्शनच्या गाड्या

साधारण २००० सालापासून पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी एमपीएफआय, म्हणजे संगणकावर चालणारी इंजेक्शन पद्धत आली. त्या गाड्याही आता वयस्क झाल्या आहेत. त्यांच्यात सर्वांत जास्त त्रास थ्रॉटल बॉडीत साचणाऱ्या काळ्या कीटणाचा असतो. मिटलेल्या झडपेपाशी हवेला ठेवलेली बारीक वाट त्याने भरून जाते. आयडलिंगची हवा सांभाळणारा व्हॉल्व्हही त्यानेच अडकतो. दोन्ही साफ केले, की अनेक गाड्या सुधारतात. काही गाड्यांत त्यानंतर संगणकाला आयडलिंग नव्याने शिकवावे लागते.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल, तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. मात्र कोड हा संशयित दाखवतो, गुन्हेगार नव्हे. सेन्सर बदलण्यापूर्वी त्याची वायर आणि जोड तपासायला सांगा.

पेट्रोलही बदलले आहे

जुन्या गाड्या ज्या इंधनासाठी बनल्या, ते आता पंपावर मिळत नाही. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलो. म्हणजे २० टक्के मिश्रणाला पूर्वीपेक्षा कमी हवा पुरते. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने बऱ्याच अंशी जुळवून घेते. कार्ब्युरेटरला ही अक्कल नसते. तो जुन्याच प्रमाणात हवा देत राहतो, मिश्रण पातळ होते आणि आधीच काठावर असलेले आयडलिंग कोलमडते.

शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते, जुने रबर फुगवते आणि टाकीतला जुना थर सुटा करून फिल्टरपर्यंत आणते. म्हणून जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात, फिल्टर वेळेवर बदलावा आणि गाडी महिनाभर नुसती उभी ठेवू नये.

आयडलिंग वाढवणे हा इलाज नव्हे

घाईच्या गॅरेजमध्ये एक ठरलेला उपाय मिळतो. स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवून दिले जाते. गाडी बंद पडत नाही, ग्राहक खूश होतो. पण पेट्रोल वाया जाते, गिअर टाकताना खटका बसतो आणि काही गाड्या चावी बंद केल्यावरही धडधडत राहतात. मिश्रण घट्ट करून दिले, तर धूर वाढतो आणि पुढच्या पीयूसीला गाडी नापास होते. मूळ भेग किंवा तुंबलेला जेट तसाच राहून वाढत जातो.

त्यामुळे गॅरेजमध्ये ‘ट्यूनिंग करून द्या’ एवढेच म्हणू नका. ‘गरम झाल्यावर, एसी लावल्यावर बंद पडते, चोक ओढला की सावरते’ असे सांगा. काम झाल्यावर काय सापडले ते विचारा आणि बदललेला जुना भाग परत मागा. त्यात गैर काहीच नाही.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर

वळणावर किंवा घाटाच्या उतारावर इंजिन बंद पडणे ही केवळ गैरसोय नसते. बूस्टरमध्ये एक-दोन वेळा ब्रेक लागेल एवढीच ताकद उरते. म्हणून ब्रेक पुन्हापुन्हा न सोडता एकदाच दाबून धरा. पुढे तो कडक लागेल, पण सगळा जोर लावल्यास गाडी थांबते. पॉवर स्टिअरिंग असेल, तर ते जड होईल. चावी बाहेर काढू नका, स्टिअरिंगला कुलूप बसते. धोक्याचे दिवे लावून गाडी कडेला घ्या. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः नवशिक्या मुलामुलींना, हे आधीच सांगून ठेवा.

पुन्हा सुरू करताना स्टार्टर दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थोडी उसंत द्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा भपका येत असेल, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून स्टार्टर मारा. पाय खालीवर केल्याने आणखी पेट्रोल आत जाते.

गाडी ठेवावी की काढावी?

वरचे सगळे करूनही आयडलिंग सुधारत नसेल, तर दोन तपासण्या उरतात. टॅपेटचे अंतर आणि सिलिंडरचे कॉम्प्रेशन. टॅपेट फार घट्ट झाले असतील, तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीत आणि मंद गतीला दाब टिकत नाही. अंतर नीट केले की काम भागते. कॉम्प्रेशन मात्र एखाद्या सिलिंडरमध्ये इतरांपेक्षा बरेच कमी भरले, तर इंजिन खोलण्याचा खर्च समोर उभा राहतो. गाडी विकायची की दुरुस्त करायची, हा विचार करण्याची योग्य वेळ हीच.

त्याआधी नव्हे. सिग्नलला बंद पडते म्हणून मातीमोल भावाने गेलेल्या गाडीत नव्या मालकाला कदाचित फाटलेली बोटभर रबरी नळीच सापडते.